भुईचक्र

तेरखेडा हे बालाघाटच्या डोंगररांगेतील, सोलापूर–धुळे महामार्गालगतचे गाव. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते तेव्हा आणि २०२३ मध्ये ते धाराशिव झाले त्यानंतरही मराठवाड्यात या गावाची ओळख एकच राहिली आहे : फटाक्यांचे गाव. गावाबाहेरच्या माळावर शोभेच्या दारूचे कारखाने आहेत. तेथून घरी परतणाऱ्या माणसांच्या हातांवर चंदेरी भुकटी चिकटलेली असते, आणि दूरवर एखादा अवेळी आवाज झाला की साऱ्या गावाच्या काळजात धस्स होते. दुसऱ्यांच्या घरी आनंद पोहोचविणारे हे गाव स्वतः मात्र नेहमी थोडे भीत भीत जगत आले आहे.

अशा या गावी आमच्या आयुष्याची बरीच वर्षे शिक्षक म्हणून गेली. शाळेत आम्ही भूगोल शिकवीत असू. रविवारी आमच्याच ओसरीवर आसपासच्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांतील पाच-सात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरे. महिन्यातून एकदा फादर मिस्सासाठी येत. एरवी मुलांची जबाबदारी आमच्यावर होती. त्या ओसरीवर १९९३ साली घडलेली एक गोष्ट आम्हांला येथे सांगावयाची आहे. गोष्ट लहान आहे. परंतु तिने तीस वर्षे आमचा पिच्छा सोडला नाही.

त्या वर्षी ३० सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणेशविसर्जन होऊन माणसे थकून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील कितीतरी गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खणखणली, तुळईवरून माती गळली आणि आम्ही लेकरांना उचलून अंगणात धावलो. त्यानंतर कित्येक रात्री गाव उघड्यावर निजत होते. जमिनीवर पाय ठेवताना माणसाला भय वाटावे, असे ते दिवस होते.

त्यानंतरच्याच एका रविवारी आम्ही मुलांना त्र्याण्णवावे स्तोत्र समजावून देत होतो. पृथ्वीच्या अढळपणाचा उल्लेख आला, तेव्हा मागे बसलेला अकरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील कारखान्यात कागदाच्या नळ्या वळण्याचे काम करीत. तो म्हणाला, "सर, शाळेत तुम्हीच सांगता पृथ्वी फिरते. इथं सांगता ती ढळत नाही. आणि किल्लारीला तर ती हलली. मग यातलं खरं काय?"

प्रश्न उद्धट नव्हता. परंतु आम्ही स्वतःच त्या दिवसांत घाबरलेले होतो, आणि घाबरलेला शिक्षक बहुधा कठोर होतो. "देवाच्या शब्दावर शंका घेऊ नये, खाली बस," असे आम्ही म्हणालो. मुलगा खाली बसला. पुढे तो नियमित येत राहिला, प्रार्थना पाठ करीत राहिला. मात्र त्याने पुन्हा कधी काही विचारले नाही. सोमवारी शाळेत शिकविलेली पृथ्वी आणि रविवारी ओसरीवर शिकविलेली पृथ्वी यांची आम्ही कधी गाठच घालून दिली नव्हती. ती गाठ घालण्याचा प्रयत्न एका पोराने केला, आणि आम्ही त्याला गप्प केले.

वास्तविक हा प्रश्न आमच्याच मातीत फार पूर्वी विचारला गेला होता. इ. स. ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटांना पुढील काळातील ग्रंथकारांनी 'आश्मक' म्हटले आहे. अश्मक म्हणजे गोदावरीच्या परिसरातील प्राचीन देश, असे अनेक अभ्यासक मानतात. तेविसाव्या वर्षी, ४९९ मध्ये, या माणसाने लिहून ठेवले की तारे स्थिर आहेत आणि पृथ्वी फिरते. नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडे मागे धावताना दिसतात, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्यांचा दृष्टान्त आहे. त्रेचाळीस लक्ष वीस हजार वर्षांच्या महायुगात पृथ्वी १,५८,२२,३७,५०० वेळा स्वतःभोवती फिरते, असा त्यांचा हिशेब. त्यावरून एका फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो. आजच्या मापनाशी तो सेकंदाच्या अल्पशा भागाइतक्या फरकाने जुळतो.

तरीही पुढच्या विद्वानांना हे पटले नाही. वराहमिहिरांनी आक्षेप घेतला की पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपली घरटी पुन्हा सापडली नसती. ब्रह्मगुप्तांनीही हे मत खोडून काढले. या थोर गणितज्ञांना कमी लेखण्याचे कारण नाही. डोळ्यांची साक्ष त्यांच्या बाजूने होती. आज तेरखेड्याच्या माळावर उभा असलेला माणूस पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. त्याच्या डोक्यावरचा रुमालही हलत नाही. कारण माळ, वारा, पाखरे आणि तो स्वतः सारेच एका वेगाने चाललेले असतात. नाव इतकी संथ वाहते की आपण नावेत आहोत हेच कळत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या प्रश्नाचे एक दुखरे पान आहे. १६३३ मध्ये रोम येथे गॅलिलिओवर खटला चालला आणि पृथ्वीच्या गतीचा पुरस्कार केल्याबद्दल त्यांना आपले मत नाकारावे लागले. १८२० मध्ये पृथ्वीच्या गतीविषयीच्या पुस्तकांना रोममध्ये छपाईची अनुमती मिळाली, आणि १९९२ मध्ये, किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. हे सारे घडून गेलेले असताना आम्ही एका शंकाखोर मुलाला ओसरीवर खाली बसवीत होतो, ही गोष्ट आज अधिकच बोचते.

पुढे काही वर्षांनी एका धर्मगुरूंच्या पुस्तकांच्या कपाटात आम्हांला एका माणसाची जीवनकथा सापडली, आणि त्या मुलाला काय उत्तर द्यावयास हवे होते ते हळूहळू उमगले. त्या माणसाचे नाव फादर योहान गेओर्ग हागेन.

ऑस्ट्रियातील ब्रेगेंझ या गावी १८४७ मध्ये त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी ते येशू संघात दाखल झाले. गणित आणि खगोलशास्त्र यांचे शिक्षण त्यांनी जर्मनीत घेतले. १८७२ मध्ये जर्मन सरकारने येशू संघावर बंदी घातली आणि संघाच्या सभासदांना देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. तेथून ते अमेरिकेस गेले. विस्कॉन्सिन राज्यातील एका लहानशा महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी आकाशनिरीक्षणाची सोय स्वतः उभी केली. १८८८ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन वेधशाळेचे ते संचालक झाले.

त्या काळी घड्याळ लावावयाचे ते ताऱ्यांवरून. ठरावीक तारा दुर्बिणीतील उभ्या तारेमागून सरकला की त्या क्षणी वेळेची नोंद करावयाची. पृथ्वीच्या फिरण्याचे मोजमाप ते हेच. परंतु डोळ्याने पाहून हाताने कळ दाबेपर्यंत जो निमिषाचा विलंब होतो, तो प्रत्येक माणसाचा निराळा असतो. जॉर्जटाऊनला फादर हागेन आणि त्यांचे सहकारी फादर फार्गिस यांनी ताऱ्याचे हे संक्रमण छायाचित्राच्या काचेवर उतरविण्याचे यंत्र सिद्ध केले. निरीक्षकाच्या डोळ्यांची आणि बोटांची चूक तेथे उरत नसे. आपल्या डोळ्यांवर फार विश्वास टाकू नये, हे शहाणपण त्यामागे होते. पुढे या शहाणपणाची त्यांना स्वतःलाच गरज पडणार होती.

याच काळातील एक प्रसंग भाविक वाचकांना विशेष वाटेल. स्वीडनमधून आलेली, लूथरपंथात वाढलेली एक परिचारिका अनेक वर्षांच्या आत्मशोधानंतर त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९०२ रोजी वॉशिंग्टन येथे फादर हागेन यांच्या हस्ते तिचा कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश झाला. ती एलिझाबेथ हेसेलब्लाड. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद दिले. पृथ्वीची गती मोजणारा हा माणूस एका जीवाचा आध्यात्मिक मार्गदर्शकही होता. ही दोन्ही कामे एकाच धीराने करता येतात, असे आम्हांला वाटते.

१९०६ मध्ये पोप दहावे पायस यांनी त्यांना व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक म्हणून रोमला बोलावून घेतले. तेथे त्यांनी हाती घेतलेले एक काम म्हणजे पृथ्वीच्या परिभ्रमणाचे यांत्रिक पुरावे तपासण्याचे. ज्या नगरीत गॅलिलिओंना गुडघे टेकावे लागले, त्याच नगरीत, पोपच्या आश्रयाने, एक येशूसंघीय धर्मगुरू पृथ्वी फिरते हे सिद्ध करणारी उपकरणे उभारीत होता. १९११ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेने त्यांचा पृथ्वीच्या परिभ्रमणावरील फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या पुराव्यांचे बारकाईने परीक्षण आणि नव्या प्रयोगांचे वर्णन, असा तो ग्रंथ आहे.

हे प्रयोग समजावयास कठीण नाहीत. पहिला प्रयोग फुगडीचा म्हणता येईल. फुगडी घालताना मुलींनी अंग आत ओढून घेतले की गिरकी वाढते, आणि त्या बाहेर झुकल्या की मंदावते. फ्रेंच गणिती प्वांसो यांनी १८५१ मध्ये सुचविले होते की हाच नियम पृथ्वीला लावून पाहावा. फादर हागेन यांनी एक लांब तुळई आडवी टांगली आणि तिच्यावर दोन्ही बाजूंस सरकती वजने ठेवली. तुळई खोलीत निश्चल दिसत असली तरी खोलीसह ती पृथ्वीबरोबर फिरतच असते. वजने एकदम मध्याकडे ओढली, तर तुळईची गिरकी पृथ्वीपेक्षा किंचित वाढावयास हवी, म्हणजे निश्चल तुळई आपोआप वळताना दिसावयास हवी. ती तशी वळली. आणि वजने बाहेर नेली, तेव्हा उलट दिशेला वळली.

दुसरा प्रयोग पडणाऱ्या वस्तूचा. मनोऱ्याचा माथा पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा अधिक दूर असतो, म्हणून पूर्वेकडे थोडा अधिक वेगाने जातो. तेथून सोडलेली वस्तू तो अधिक वेग घेऊनच खाली येते आणि ओळंब्याच्या किंचित पूर्वेला पडते. येशू संघाचेच फादर रिच्चोली यांनी १६५१ मध्ये नेमका याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. पृथ्वी फिरत असेल, तर पडणाऱ्या आणि तोफेतून सुटणाऱ्या गोळ्यांच्या मार्गात असा फरक दिसला पाहिजे. तो दिसत नाही, म्हणून पृथ्वी फिरत नाही. तर्क सरळ होता. परिणाम मात्र इतका सूक्ष्म होता की त्या काळच्या साधनांना तो दिसणे शक्य नव्हते. फादर हागेन यांनी दोन जवळजवळ सारखी वजने एका दोऱ्याने चाकावर ओवली, म्हणजे जड वजन सावकाश उतरावे आणि हवेचा धक्का कमी बसावा. सुमारे २३ मीटर उतरताना ते एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी इतके पूर्वेला सरकले. गणिताने जेवढे यावे तेवढेच ते होते. अडीच शतकांपूर्वी एका संघबंधूने मागितलेला पुरावा दुसऱ्या संघबंधूने व्हॅटिकनच्या अंगणात आणून ठेवला.

काही जण म्हणतील, पृथ्वी फिरते हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते? पॅरिसच्या पँथिऑनमध्ये १८५१ मध्येच फुको यांनी ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलो वजनाचा गोळा टांगून लंबकाची दिशा हळूहळू वळताना लोकांना दाखविली होती; आणि त्याच वर्षी रोममधील संत इग्नाती यांच्या देवालयात फादर सेक्की यांनी तो प्रयोग करून पाहिला होता. खरे आहे. परंतु जे सर्वमान्य झाले आहे तेही स्वतःच्या हाताने पुन्हा तपासावे, पूर्वीच्यांनी कोठे घाई केली ते शांतपणे नोंदवावे, यात एक प्रकारची नम्रता आहे.

ही जीवनकथा वाचल्यावर आम्हीही शाळेच्या वर्गात एक लंबक टांगून पाहिला. पितळी तांब्यात वाळू भरली आणि तो तारेने तुळईला बांधला. आमच्या अक्षांशावर लंबकाची दिशा तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास वळावी आणि पूर्ण फेऱ्याला तीन दिवसांहून अधिक वेळ लागावा, असे गणित आम्ही फळ्यावर मांडले. आमचा तांब्या पंधरा मिनिटांत लंबवर्तुळे काढू लागला आणि अर्ध्या तासात थांबला. मुले हसली. आम्हीही हसलो, पण एक मिलिमीटर मोजण्यामागे किती तपश्चर्या असते, ते त्या दिवशी कळले.

फादर हागेन यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. उत्तरायुष्यात दुर्बिणीतून पाहताना त्यांना आकाशभर पसरलेले अंधुक मेघ दिसू लागले. वर्षानुवर्षे त्यांनी त्या मेघांच्या नोंदी केल्या. छायाचित्रांच्या काचांवर ते मेघ कधी उतरले नाहीत, आणि अखेर तो दृष्टिभ्रम होता असेच खगोलशास्त्रज्ञांनी मानले. निरीक्षकाच्या डोळ्यांची चूक टाळण्यासाठी ज्यांनी छायाचित्राचे यंत्र सिद्ध केले, त्यांनाच आपले डोळे सोडवेनात. १९३० मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते रोम येथे निवर्तले. या चुकीमुळे ते आम्हांला लहान वाटत नाहीत. उलट अधिक जवळचे वाटतात. सत्य शोधणारा माणूस एका बाबतीत बरोबर आणि दुसऱ्या बाबतीत चूक असू शकतो. म्हणूनच दुसऱ्याचा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो, मग विचारणारा अकरा वर्षांचा का असेना.

पृथ्वीचे फिरणे मोजण्याचे काम त्यांच्यानंतरही थांबलेले नाही. स्टीफन्सन आणि मॉरिसन या ब्रिटिश संशोधकांनी बॅबिलॉनच्या मातीच्या विटांवरील आणि चीनच्या बखरींतील ग्रहणांच्या नोंदी तपासण्यात अनेक दशके घालविली. इ. स. पूर्व १३६ मध्ये बॅबिलॉनला खग्रास ग्रहण दिसल्याची नोंद आहे. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असती, तर ते ग्रहण हजारो किलोमीटर पश्चिमेला दिसले असते. चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी पृथ्वीला हळूहळू लगाम घालते, आणि दिवस शतकाला सरासरी पावणेदोन सहस्रांश सेकंदाने लांबतो आहे. मध्येच तिचा वेग वाढतोही. २००४ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्यावर प्रचंड भूकंप झाला, तेव्हा पृथ्वीच्या पोटातील खडक सरकून दिवस सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या तिपटीहून थोड्या कमी अंशाने आखूड झाला असावा, असे शास्त्रज्ञांनी गणिताने काढले. ही पुन्हा फुगडीच.

किल्लारीचा भूकंप या हिशेबात कोठेही दिसत नाही. पृथ्वीच्या मानाने तो फार लहान होता. ज्या पहाटेने आमच्या मुलखातील दहा हजार माणसे नेली, त्या पहाटेने पृथ्वीच्या गिरकीत मोजता येईल इतकाही फरक पडला नाही. हे वाचले तेव्हा प्रथम आमच्या अंगावर काटा आला. नंतर मात्र स्तोत्राचा अर्थ आम्हांला निराळा दिसू लागला. स्तोत्रकाराच्या डोळ्यांसमोरही उसळणारे, गर्जणारे पाणी होते. जमीन हलते हे त्याला ठाऊक नसेल असे नाही. पॅलेस्टाईन हा भूकंपांचाच प्रदेश. त्याने अढळ म्हटले ते परमेश्वराचे राज्यपद. खडकाच्या गुणधर्माविषयी तो भूगोलाचा धडा देत नव्हता. मुलाने विचारलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पृथ्वी फिरते, किल्लारीला ती हलली, आणि जो ढळत नाही तो तिचा निर्माता. एवढे तीन वाक्यांचे उत्तर त्या रविवारी आम्हांला देता आले असते.

गेल्या नाताळात तो मुलगा घरी आला. आता त्याचे केस कानशिलांवर पांढरे झाले आहेत. पुण्याला एका कारखान्यात तो काम करतो. सोबत पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी होती. जेवणे झाल्यावर आम्ही धीर करून तो जुना प्रसंग काढला आणि त्याची क्षमा मागितली. तो गोंधळून आमच्याकडे पाहत राहिला. "सर, मला तर काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "मी असं विचारलं होतं?"

आम्हांला वाटले होते की या क्षणी मन हलके होईल. तसे झाले नाही. मुलगा प्रसंग विसरला होता. त्याबरोबर प्रश्न विचारणेही विसरला असेल, तर तो विसर आम्हीच त्याला शिकविला होता.

अंगणात त्याची मुलगी भुईचक्र पेटवीत होती. ते गरागरा फिरले, ठिणग्यांचे कडे झाले आणि अंगणाच्या मध्यावर विझले. तिने काठीने ते उलटून पाहिले आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "आजोबा, हे जमिनीवरच फिरतं, वर का नाही जात?"

तिचा बाप तिला गप्प करणार, तोच आम्ही त्याला हाताने थांबविले आणि पोरीला म्हणालो, "इकडे ये, बाळ. ते भुईचक्र घेऊन ये. आपण दोघे मिळून बघू."